विजेची जग्वार आणि कामगाराचा हात



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सकाळी कात्रजला माझ्या खोलीवर एक कामगार आला. सातारा रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात तो गेली बावीस वर्षे सेंटरलेस ग्राइंडर चालवतो. त्याने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि आत बांधून आणलेली बोटभर लांबीची एक धातूची नळी माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "अण्णा, विजेच्या गाडीत ही कुठं बसते?"

नळी मी ओळखली. तिला व्हॉल्व्ह गाइड म्हणतात. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनात हवा आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर टाकण्यासाठी जे व्हॉल्व्ह वरखाली होतात, ते ह्या नळीतून सरकतात. नळी जराशी सैल झाली तर इंजिन ऑइल पिऊ लागते, आणि जराशी घट्ट झाली तर व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून तिचा व्यास मायक्रॉनच्या हिशेबाने राखावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे ह्या माणसाच्या हाताची किंमत ध्यानात येईल.

खरे सांगतो, मी थोडा वेळ गप्प राहिलो. उत्तर मला ठाऊक होते आणि ते दोनच शब्दांचे होते. कुठेच नाही. विजेच्या गाडीला व्हॉल्व्हच नाहीत, तर गाइड कोठून असणार? मी तसे सांगितले. त्याने नळी पुन्हा रुमालात बांधली आणि विचारले, "मग मी कुठं बसायचं?"

आजचे माझे बोलणे ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिकलो ते यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून, सार्वजनिक वाचनालयांतून आणि वाटाघाटींच्या टेबलावर. तेव्हा विद्वानाचे विवेचन आपण माझ्याकडून अपेक्षू नये. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडतो.

विषय समजावून घेण्यासाठी मी उदाहरण निवडले आहे ते जग्वार ह्या विलायती मोटारीचे. कोणी म्हणेल, की श्रीमंतांच्या शर्यती मोटारीचा आणि कात्रजच्या चाळीतल्या माणसाचा संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर ही कंपनी आज टाटा समूहाच्या मालकीची आहे, आणि तिच्या काही मोटारींची जुळणी आपल्या पुण्यातच होत आली आहे. दुसरे असे, की ज्या मोटारीचा सारा लौकिक तिच्या इंजिनावर उभा होता, तिनेच इंजिन सोडायचे ठरवले. ताप किती आहे हे कपाळाला हात लावून कळते, तसा ह्या बदलाचा ताप जग्वारला हात लावला की कळतो.

जग्वारची सुरुवात मोटारीने झाली नाही, मोटारसायकलच्या बाजूला जोडायच्या डब्याने झाली. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूल गावी १९२२ साली विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली ह्या दोघांनी 'स्वॅलो साइडकार' नावाचा कारखाना काढला. लायन्स तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. १९२८ साली बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हलले, १९३५ साली 'जग्वार' हे नाव एका मोटारीला मिळाले, आणि १९४५ साली कंपनीनेच ते धारण केले. कंपनीची आधीची आद्याक्षरे 'एसएस' अशी होती. हिटलरच्या एसएस पथकांनी ती अक्षरे बदनाम केल्यावर ती टाकून देणेच शहाणपणाचे होते.

जग्वारचे मोठे इंजिन कसे जन्मले हे ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने लागणाऱ्या आगींवर नजर ठेवण्यासाठी कारखान्यात रात्रपाळीचे पहारे असत. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स आणि त्यांचे इंजिनिअर बसून युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार करीत. त्यातून सहा सिलिंडरांचे एक्सके इंजिन आकाराला आले. १९४८ साली ते एक्सके १२० ह्या मोटारीत बसवले गेले. नावातला १२० हा आकडा तिच्या वेगाचा होता, ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. पहिल्या सुमारे दोनशे चाळीस गाड्यांचे अंग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, हाताने घडवलेले होते. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारने १९५१ ते १९५७ ह्या काळात पाच वेळा जिंकली. १९६१ साली ई-टाइप आली, आणि जग्वार हा शब्द तरुणांच्या स्वप्नात जाऊन बसला.

ह्या कीर्तीत वाटा कोणाचा? नकाशा काढणाऱ्याचा होता, तसाच पत्रा ठोकणाऱ्याचा, क्रँकशाफ्ट घासणाऱ्याचा आणि व्हॉल्व्हची फट हाताने साधणाऱ्याचाही होता. इंजिनाचा आवाज हा त्या सगळ्या हातांचा मिळून एक आवाज असे. गिऱ्हाईक पैसे मोजी ते त्या आवाजाला.

पुढे कंपनीचे मालक बदलत गेले. १९६६ मध्ये ती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये मिसळली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, १९७५ मध्ये लेलँडबरोबर सरकारच्या ताब्यात आली, १९८४ मध्ये पुन्हा खासगी झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने ती घेतली. आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार व लँड रोव्हर ह्या दोन्ही कंपन्या मिळून २३० कोटी डॉलरना फोर्डकडून विकत घेतल्या. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांची मानाची मोटार आपल्याकडच्या कंपनीने घेतली, म्हणून त्या दिवशी पिंपरीच्या कॅन्टीनमध्येही छाती फुगली होती. माझीही फुगली होती. पण मालकाचा देश बदलला म्हणून कामगाराचा प्रश्न बदलत नाही, हे त्या आनंदात आम्ही जरा विसरलो.

आता विजेची गाडी म्हणजे काय, ते पाहू. ही कल्पना नवी नव्हे. विजेच्या जोरावर तार फिरवून दाखवण्याचा प्रयोग मायकेल फॅरडे ह्यांनी १८२१ साली केला. फॅरडे हे लोहाराचे पुत्र आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले, म्हणून माझ्यासारख्याला ते विशेष जवळचे वाटतात. १८९९ साली बेल्जियमच्या कामिल जेनात्झी ह्यांनी ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा जगात प्रथम ओलांडला, तोही विजेच्या मोटारीत. म्हणजे वेगाच्या शर्यतीत वीज पेट्रोलच्या पुढे होती. ती मागे पडली ती बॅटरीमुळे. शिशाची बॅटरी वजनाला भारी आणि साठ्याला हलकी. पेट्रोलची टाकी मात्र पाच मिनिटांत भरे.

हे चित्र पालटले ते लिथियम-आयन बॅटरीने. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या खिशातल्या फोनमध्ये जी असते तीच ही बॅटरी. अशा शेकडो विद्युत्-घटांची माळ गाडीच्या तळाशी अंथरली, की विजेची मोटार तयार होते.

जग्वारने आपली पहिली विजेची मोटार, आय-पेस, २०१८ साली आणली. तिची बॅटरी ९० किलोवॅट-तासांची. हा शब्द जड वाटेल, पण आपल्या ओळखीचा आहे. वीजबिलावर ज्याला युनिट म्हणतात तोच किलोवॅट-तास. म्हणजे दोन दिवे, पंखा आणि टीव्ही एवढ्यावर भागणारे घर महिनाभर जेवढी वीज वापरते, जवळजवळ तेवढी ह्या गाडीच्या पोटात एका वेळी मावते. तेवढ्यावर ती ठरावीक चाचणीत सुमारे ४७० किलोमीटर चालली.

आता गंमत पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ९० युनिट म्हणजे अवघे दहा लिटर पेट्रोल. एवढ्या पेट्रोलवर दोन टनांची शर्यती मोटार ४७० किलोमीटर जाईल काय? मुळीच जाणार नाही. कारण इंजिन पेट्रोलमधली पाऊण भाग ऊर्जा उष्णता आणि धुराच्या रूपाने वाया घालवते. विजेचा मोटर मात्र दहातले नऊ भाग चाकाला देतो. हा झाला विजेचा गुण. आता दोष ऐका. दहा लिटर पेट्रोलचे वजन साडेसात किलो, आणि त्या बॅटरीचे सुमारे सहाशे किलो. जिथे जाल तिथे हे ओझे बरोबर न्यावे लागते.

आपल्या कात्रजच्या तलावाकडे पाहा. नानासाहेब पेशव्यांच्या काळी ह्या तलावाचे पाणी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले होते. तिथे पंप नव्हता. तलाव उंचावर आणि वाडा खाली, एवढ्या उंचीच्या जोरावर पाणी वाहत गेले. विजेचा व्होल्ट म्हणजे ही उंची समजा, आणि अँपिअर म्हणजे नळातून वाहणारे पाणी. आपल्या घरात उंची २३० व्होल्ट. आय-पेसमध्ये ती चारशेच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घाटाची. जुन्या बोगद्याकडून कात्रजकडे उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. चढताना खर्च केलेली शक्ती उतरताना ब्रेकमध्ये जळून जाते. विजेच्या गाडीत उतारावर मोटर उलट काम करतो. चाक त्याला फिरवते आणि तो वीज तयार करून बॅटरीत भरतो. आय-पेससारखी गाडी समजा दोनशे मीटर उंचीवरून खाली उतरली, तर फार तर एखादे युनिट परत मिळेल. थोडे आहे, पण पूर्वी ते संपूर्ण वाया जात असे.

तिसरी गोष्ट, आणि जग्वारच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी वेगाने फिरावे लागते, म्हणून गिअर लागतात. विजेचा मोटर उभ्या जागेपासून पूर्ण जोर लावतो. त्यामुळे आय-पेस थांबलेल्या स्थितीतून ४.८ सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेई. मग अडचण ती कोणती? अडचण अशी, की हा गुण मोटरचा आहे, जग्वारचा नव्हे. कोणीही मोठा मोटर आणि मोठी बॅटरी बसवली की त्याची गाडी अशीच उसळते. सत्तर वर्षे ज्या वेगासाठी आणि आवाजासाठी कंपनीने किंमत घेतली, तो वेग सर्वांच्या घरी आला आणि आवाज नाहीसा झाला. सोनाराच्या दुकानाबाहेर लोखंडाच्या भावाने सोने मिळू लागले, तर सोनाराने काय विकावे? त्याने नक्षी आणि नाव विकावे. जग्वारने नेमके तेच ठरवले.

त्या निर्णयाचा इतिहास थोडक्यात असा. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले, की २०३० पासून निव्वळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारी विकता येणार नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये जग्वार लँड रोव्हरने सांगितले, की २०२५ पासून जग्वार ही केवळ विजेची मोटार राहील, थोड्या गाड्या बनवील आणि पूर्वीपेक्षा महाग विकील. सरकारने पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये २०३० चे २०३५ केले, आणि नव्या सरकारने २०२५ मध्ये काही सवलती ठेवून पुन्हा २०३० केले. धोरणाचा रस्ता असा घाटासारखा वळत राहिला. जर्मनीच्या पोर्श कंपनीने २०१९ मध्येच विजेची टायकान आणली होती. तिनेही सप्टेंबर २०२५ मध्ये विजेच्या काही नव्या गाड्या पुढे ढकलून पेट्रोलच्या गाड्या अधिक काळ ठेवण्याचे जाहीर केले. जग्वारने मात्र मागे पाहिले नाही. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री थांबवली गेली. त्याच डिसेंबरात अमेरिकेतील मायामी येथे 'टाइप ००' नावाचा विजेच्या मोटारीचा नमुना दाखवण्यात आला. दुकानात ठेवायला गाडी मात्र नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये युरोपात १,९६१ जग्वार नोंदल्या गेल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये नोंदल्या गेल्या ४९. पुष्कळांनी ह्या आकड्यांची थट्टा केली, पण ते अपयशाचे मोजमाप नव्हते. माल संपवून दुकान बंद ठेवल्यावर गल्ल्यात काय पडणार?

ह्या बंद दुकानाचा अर्थ कामगाराच्या बाजूने पाहा. बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच नावाचा कारखाना आहे. महायुद्धात तिथे स्पिटफायर विमाने बनत, आणि पुढे जग्वार बनू लागल्या. जुलै २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले, की एक्सजे ह्या मोठ्या मोटारीचा विजेचा नवा अवतार इथेच बनेल. कामगारांनी आणि त्यांच्या युनियनने त्याचे स्वागत केले. दोन वर्षे झाली नाहीत, तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मोटार रद्द झाली. २०२४ मध्ये त्या कारखान्यातून शेवटची जग्वार बाहेर पडली. आणि विजेची पहिली जग्वार, आय-पेस, ती कोठे बनत होती? ऑस्ट्रियात ग्राझ येथे, दुसऱ्याच एका कंपनीच्या कारखान्यात, ठेक्याने. म्हणजे बदल आला तेव्हा नवे काम पहिल्याने घराबाहेर गेले आणि जुने काम घरात राहून संपले.

आता आपल्या पुण्याकडे या. इथे २०११ साली लँड रोव्हरच्या फ्रीलँडर गाडीची जुळणी सुरू झाली, आणि २०१३ साली जग्वार एक्सएफची. इंग्लंडहून सुटे भाग पेट्यांत भरून येत आणि आपले कामगार ते जोडून गाडी उभी करीत. ह्यात इंजिन घडवण्याचे भाग्य आपल्याला नव्हते. तरी जोडणीचे, तपासणीचे आणि रंगाच्या डागडुजीचे काम हाताला मिळे, आणि एका लाइनवर शिकलेले पोर दुसऱ्या लाइनवर उभे राही. २०२१ साली विजेची आय-पेस भारतात आली, ती एक कोटीहून अधिक किमतीला, आणि सगळीच्या सगळी बनून जहाजाने आली. पुण्यातल्या हातांना तिच्यात काम नव्हते. पुढे २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती पेट्रोल-डिझेलची गाडी आहे, आणि तिच्यावरही उद्या हीच पाळी येणार आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. मी विजेच्या गाडीचा विरोधक नाही. कात्रज चौकात सकाळी आठ वाजता उभे राहून पाहा, नाकात काय जाते ते. आमच्यातले पुष्कळजण कंपनीच्या बसची वाट पाहत त्याच चौकात तासन् तास उभे असतात, आणि तो धूर आधी त्यांच्याच छातीत जातो. २०१९ पासून पीएमपीच्या विजेच्या बसगाड्या पुण्यात धावू लागल्या, तेव्हा मला बरेच वाटले. आपली वीज अजून बहुतांशी कोळशावर होते, हे खरे. तरी चौकातला धूर कमी होतो हेही खरे. चरखा बाजूला पडून गिरणी आली, वाफ जाऊन वीज आली. यंत्राला अडवून कामगाराचे कधी भले झाले नाही. प्रश्न यंत्र येण्याचा नाही. येण्याची किंमत कोण मोजतो, हा आहे.

ती किंमत कोणाच्या गळ्यात पडते ते पाहण्यासाठी गाडी मनाने उघडू या. विजेच्या गाडीत पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, इंजेक्टर, क्लच आणि सायलेन्सर हे सगळे जाते. ब्रेक, टायर, स्टीअरिंग, बेअरिंग, पत्र्याचे अंग, दिवे आणि आसने राहतात. रेडिएटरही राहतो, फक्त इंजिनाऐवजी बॅटरी थंड करतो. नव्याने येतात ते बॅटरीचे घट, तांब्याचे वेटोळे, चुंबक आणि विजेचे नियंत्रण करणारी यंत्रणा. ह्या सगळ्यांत सर्वांत महाग बॅटरी, आणि ती माणसांच्या ओळींपेक्षा स्वयंचलित यंत्रांच्या ओळींतून अधिक बनते.

पुणे हे इंजिनांचे गाव आहे. खडकीचे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडचे कमिन्स, मुंढव्याचे भारत फोर्ज ह्या नावांनी आपल्या तीन पिढ्या पोसल्या. मोठे कारखाने वारा ओळखून नवा माल करू लागतात. त्यांच्याकडे भांडवल असते, संशोधनाचा विभाग असतो. पण ह्या मोठ्यांना माल पुरवणारे भोसरी, चाकण, शिरवळचे चाळीस-पन्नास माणसांचे कारखाने आहेत. तिथे एक मालक, एक भाग आणि एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने तो भाग घेणे थांबवले, की मालकालाच ते महिनाभर आधी कळते. कामगाराला ते नोटीस-बोर्डावर कळते.

जग्वारसारख्या कंपनीने वर्षभर दुकान बंद ठेवले, तर तो व्यूह ठरतो. तिच्या पाठीशी लँड रोव्हरची कमाई आहे, समूहाची पत आहे. आमच्या कामगाराला मात्र महिनाभर चूल बंद ठेवता येत नाही. बदलाच्या काळात भांडवलाला थांबण्याची सवड असते आणि श्रमाला नसते. ह्या सवडीचा खर्च आधीच वाटून घेतला पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ९-अ होते. नव्या तंत्रामुळे कामगार कपात होण्याचा संभव असेल, तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, असे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. नोटिशीची तरतूद तिच्यातही राहिली. परंतु कपात किंवा कारखानाबंदी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता तीनशेंपासून पुढे लागते. चाळीस माणसांचा कारखाना पूर्वीही बाहेर होता, आणि आताही बाहेरच आहे. नव्या संहितेत एक निधी सांगितला आहे. काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन त्यात भरायचे, आणि त्या पैशातून कामगाराने नवे कौशल्य शिकायचे. तत्त्व चांगले आहे. पण बावीस वर्षांत कमावलेला हात पंधरा दिवसांच्या वेतनात दुसरीकडे वळवता येईल काय, ह्याचे उत्तर आपणच द्यावे. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी जाहीर झाली. गाडी घेणाऱ्याची आठवण ठेवली, तशी गाइड घासणाऱ्याचीही ठेवायला हवी होती.

चांगल्या गोष्टीचे चांगले म्हणावे. सप्टेंबर २०२२ मध्ये जग्वार लँड रोव्हरने तीन वर्षांत २९,००० माणसांना विजेच्या गाड्यांचे आणि संगणकीय तंत्राचे शिक्षण देण्याचे जाहीर केले. त्यांत कंपनीच्या कामगारांबरोबर विक्रेत्यांकडचे दुरुस्ती करणारे मेकॅनिकही धरले होते. मेकॅनिक हा कंपनीचा नोकर नसतो. तरी त्याला शिकवले नाही तर गाडी उभी राहील, हे तिला कळले. मग माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यातला कामगार तरी परका का मानावा?

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या अवास्तव नाहीत. पहिली, ज्या भागाची गरज संपणार आहे त्याची सूचना पुरवठादाराला आणि त्याच्या कामगारांना निदान दोन वर्षे आधी मिळावी. नव्या गाडीचा नकाशा त्याहून आधी ठरलेला असतो, तेव्हा ही सूचना देणे अशक्य नाही. दुसरी, शिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी असावे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सुटीच्या दिवशी वर्गात बसवणे ही शिक्षा आहे. तिसरी, कंत्राटी आणि शिकाऊ कामगार त्यात धरावेत, कारण कपातीची कुऱ्हाड पहिल्याने त्यांच्यावर पडते. चौथी मागणी सुरक्षिततेची. चारशे व्होल्टच्या नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी बॅटरी कशी तोडायची, कोणते हातमोजे घालायचे आणि किती वेळ थांबायचे, हे शिकवल्याशिवाय कोणालाही त्या गाडीखाली पाठवू नये. पेट्रोलचा निदान वास तरी येतो. विजेला वास नसतो.

आता त्या रुमालातल्या नळीकडे परत येतो. त्या रविवारी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. मग पंधरा दिवस विजेच्या मोटरची रचना वाचली, एका ओळखीच्या मेकॅनिककडे जाऊन जळालेला मोटर उघडून पाहिला. त्यात मध्यभागी एक शाफ्ट असतो. तो मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो, आणि बेअरिंग बसते ती त्याची जागा मायक्रॉनच्या हिशेबानेच घासावी लागते. इंजिनात जे कसब नळीला लागत होते, तेच इथे दांड्याला लागते. यंत्राची जुळणी बदलावी लागेल, मोजमापाची साधने नवी घ्यावी लागतील, पण हात तोच चालेल.

हे घेऊन आम्ही दोघे त्याच्या मालकाकडे गेलो. मालक वाईट माणूस नाही. तोही घाबरलेला होता. आधी म्हणाला, भांडवल कोठून आणू? मग म्हणाला, नमुने करून पाहू. ह्या महिन्यात घासलेले सहा शाफ्ट एका मोटर बनवणाऱ्याकडे तपासणीला गेले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत एकालाही कमी करायचे नाही, एवढे मालकाकडून कागदावर लिहून घेतले आहे. त्या कागदावर सह्या चाळीस आहेत.